पत्रा त्यांचा, माप यांचे

उस्मानभाईंची आणि माझी ओळख भांडणाने झाली. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात कोणी त्यांच्या शांत स्वभावाबद्दल लिहिले असेल तर ते उस्मानभाई मला भेटलेले नाहीत. मला भेटलेले उस्मानभाई मोठ्या आवाजाचे आहेत. रत्नागिरीच्या नाचणे रस्त्यावर त्यांच्या शेडच्या वळणाशी पोहोचले की आधी त्यांचा आवाज येतो आणि मग हातोड्यांचा. त्या दिवशी तो आवाज माझ्यावर होता.

मी ट्रक घेऊन गेले होते. ट्रकात आमची जुनी काळी गाडी होती, म्हणजे तिचा सांगाडा, चाकांशिवाय, ओंडक्यांवर टेकवलेला. दारे उभी, मडगार्ड आणि बॉनेट आडवे, सगळे गोणपाटात बांधलेले. सुटे भाग मासळीच्या टोपल्यांत भरले होते, कारण घरात त्याच होत्या. उस्मानभाई पुढे आले, एका टोपलीत डोकावले आणि म्हणाले, "बांगडं कुठलं हाय?"

"गाडी आहे," मी म्हटले.

"गाडी? कुठं हाय?"

"अर्धी ट्रकात, अर्धी टोपल्यांत."

"वहिनी, इथं गाड्या दुरुस्त व्हतात. तेरावं घालत नाय आमी."

शेडमधली माणसे हसली. मग उस्मानभाईंचे लक्ष माझ्या कपाळाकडे गेले. त्यांचा चेहरा असा पडला की मलाच त्यांची दया आली. ते माणसांवर उलटले. "हसताय काय रे? उतरवा! हलक्या हातानं. एक ओरखडा उठला तर बघा!" ओरखडा उठायला त्या गाडीवर जागा नव्हती. पण गाडी कोणाची, आणि तो माणूस आता नाही, हे मी सांगण्याआधी त्यांना कळले होते.

खरे भांडण त्यानंतर झाले. गाडी उतरल्यावर मी माझी अट सांगितली. आमच्या यांनी जेवढे काम केले आहे त्याला हात लावायचा नाही. ठिगळे मारली आहेत, तळाला तेल दिले आहे, दारे आतून भरली आहेत. ते सगळे तसेच ठेवायचे, उरलेले करायचे आणि वरून रंग द्यायचा.

"आनि ठिगळाखाली काय निघाला तर?"

"काही निघणार नाही."

"पन निघाला तर?"

"निघणार नाही म्हणते ना!"

"मग मी काय करू? गाडीला रोज सलाम करू?"

मी म्हटले, करा. आमचे आवाज रस्त्यावर ऐकू जात होते. शेवटी ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे गाडी. बघू." 'बघू' या शब्दाचा त्यांच्याकडे अर्थ होकार नाही आणि नकारही नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी तो होकार समजून घरी आले.

आता गाडीबद्दल सांगायला हवे, नाहीतर मी एवढी का भांडत होते ते कळणार नाही. आमचे हे बंदरावरच्या लाँचवर इंजिन ड्रायव्हर होते. त्यांचे वडील होड्या बांधणाऱ्यांत होते, त्यामुळे लाकूड आणि लोखंड दोन्ही हातात. मालगुंडच्या एका डॉक्टरांच्या गोठ्यात ही गाडी कित्येक वर्षे पडून होती. चार दारांची, विलायतेत बनलेली, गोल पाठीची. डॉक्टर वारले, मुले परगावी, आणि यांनी ती जवळजवळ फुकटात आणली. मांडवीला आमच्या अंगणात माडाच्या झापांचा मांडव घातला आणि तिच्याखाली शिरले. ड्यूटीवरून आले की चहा घेऊन थेट गाडीखाली. मला त्यांचे पाय तेवढे दिसत. मी म्हणायची, माझे लग्न पायांशी झाले आहे. आतून उत्तर येई, "पकड दे." इंजिन त्यांनी पुरे केले, ते पहिल्या फेरीत सुरू झाले. बॉडीचे काम अर्धे झाले होते. एका दुपारी घरी आले, छातीत दुखते म्हणाले, आणि संध्याकाळी नव्हते.

घरात यांचे कपडे होते, चष्मा होता. पण यांच्या हातचे काम म्हणून ही एकच वस्तू होती, बाकी आयुष्यभराचे काम लाँचवर. मुंबईला गोदीत असलेले माझे धाकटे दीर म्हणत, "वहिनी, भंगारात द्या. पावसाळ्यात साप ऱ्हातील तिच्यात." शेजारी विचारत, तेही दिरांना, "त्या गाडीचं काय करणार?" मला कोणी विचारत नसे. दर वर्षी मांडवाचे झाप बदलायचे, गोणपाट टाकायचे, आणि तरीही कडेकडेने गंज दिसायला लागला. रोज उठून तो बघणे मला जमेना. ठेवताही येईना आणि टाकताही येईना, तेव्हा मी ट्रक बोलावला.

गाडी शेडमध्ये पोहोचली, पण मी घरी थांबू शकले नाही. आधी अंगणात ती असायची, आता तिच्या जागी चार ओंडक्यांच्या खुणा होत्या. दुसऱ्या दिवशी काही निमित्त काढून मी नाचणे रस्त्याला गेले. तिसऱ्या दिवशी निमित्त न काढता गेले. गाडीच्या मागे उभी राही, मग पुढे, मग पलीकडून येऊन पुन्हा मागे. उस्मानभाई दोन दिवस सोसत होते. मग ओरडले, "वहिनी, तुमी फिरता तशी गाडी फिरली असती तर कामच संपला असता! बसा हितं." त्यांनी दाराजवळ एक लाकडी खोका उपडा घातला आणि स्वतःच्या गळ्यातला रुमाल त्यावर पसरला. आजही माझी जागा तीच आहे. खोक्याऐवजी खुर्ची आली एवढाच फरक.

बसले तरी मन बसत नव्हते. म्हणून वाचनालयातले पुस्तक बरोबर नेऊ लागले. माझे शिक्षण चौथीपर्यंत. पुढचे वाचन माझे मी केले, लग्नानंतर, हे लाँचवर असत तेव्हा. हातोड्यांच्या आवाजात वाचता येते, हे मला त्या शेडमध्ये कळले. आवाज एकसारखा असला की मन धरतो आणि चुकला की मान वर होते. हळूहळू मला कळू लागले की उस्मानभाईंचा हातोडा कोणता, त्यांच्या जुन्या कारागिराचा, पांडू मेस्त्रींचा, कोणता. उस्मानभाई पत्र्याला आधी बोटाच्या पेराने टकटक करत, कान जवळ नेऊन. मग एक हात पत्र्याच्या मागून लोखंडी ठोकळा धरी आणि दुसरा पुढून ठोके घाली, फार जोरात नव्हे, आणि पोचा जणू आपणहून उठे. हे काम ते मुंबईला माझगावात एका शेडमध्ये शिकले. भाऊ आखातात गेले, त्यांनाही बोलावले होते, पण ते गेले नाहीत. का, असे मी एकदा विचारले. म्हणाले, "तिकडं गाडीला पोचा आला की नवी घेतात. मी काय करू थितं, वाळू मोजू?"

त्यांच्या कामातल्या करारीपणाचा एक प्रसंग याच दिवसांतला. सावर्ड्याचे एक लाकडाचे व्यापारी जीप घेऊन आले. अपघातात उजवी बाजू आत गेलेली. घरात लग्न होते आणि वरातीला जीप हवी होती. त्यांचे म्हणणे, आत काय आहे ते नंतर बघू, वरून पुटीचा लेप भरा, रंग मारा. उस्मानभाईंनी खाली वाकून चासी, म्हणजे तळाचा सांगाडा, पाहिली आणि म्हणाले, "वरात हळू जानार काय?" व्यापारी म्हणाले, "हळूच." "आनि वरातीनंतर नवरा-नवरी घाटातनं जानार काय?" व्यापारी जीपकडे बघू लागले. "मग मी पुटी मारत नाय. फुलं मारा, फुलानं बी झाकतं." ते व्यापारी फार चिडले, जाताना नाही नाही ते बोलले. उस्मानभाईंनीही कमी केले नाही. मला वाटले, एवढे बोलायची काय गरज होती. मग माझ्या मनात आले, हा माणूस माझ्या गाडीला मात्र अजून हात लावत नाही आणि काही बोलतही नाही. का?

आठवडा होत आला होता आणि काळी गाडी जशीच्या तशी होती. मी विचारले की म्हणत, "बघू." नजर चुकवीत. मोठ्या आवाजाचा माणूस हळू बोलू लागला की भीती वाटते.

दुपारी जेवणाच्या सुटीत माणसे डबे उघडून बसत. मी काय वाचते याची त्यांना उत्सुकता होती, म्हणून मी थोडे मोठ्याने वाचू लागले होते. तेव्हाच्या कादंबरीत एक डॉक्टर होता. रोगी बरा होणार नाही हे त्याला कळलेले असते, पण रोग्याची बायको आशेने बघते म्हणून तो सांगत नाही. गोडगोड बोलतो, बाटल्या बदलत राहतो. माणसे जेवता जेवता हळहळत होती. पांडू मेस्त्री म्हणाले, "भला माणूस हो डॉक्टर."

उस्मानभाई उसळले. "भला? हा डॉक्टर नाय, पुटीवाला हाय! बाईला खरा सांगत नाय आनि वर भला?"

"तिचं मन मोडेल म्हणून नाही सांगत," मी म्हटले.

"आनि मागनं कळला म्हंजे काय मोडनार? तवा?" असे म्हणून ते एकदम थांबले. अर्धा डबा तसाच झाकला, हात धुतले आणि मला म्हणाले, "वहिनी, उठा. हिकडं या."

ते मला आमच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराशी घेऊन गेले. दार दोन माणसांनी धरून उभे केले होते. उस्मानभाईंनी ते हलवले. आतून पाण्याचा आवाज आला. घागर हलवल्यासारखा.

मला काही समजले नाही. मग त्यांनी दाराची खालची कड दाखवली. गाडीच्या दाराला खालून बारीक भोके असतात. काचेच्या फटीतून पावसाचे पाणी दारात उतरतेच. ते त्या भोकांतून खाली गळून जावे म्हणून ती बनवणाऱ्याने मुद्दाम ठेवलेली असतात. दाराखालच्या पायरीच्या पोकळ पेटीलाही तशीच असतात. आमच्या यांनी ती सगळी बुजवली होती. साधी नव्हेत. होडीच्या फळ्यांमधल्या फटीत कापसाची दोरी ठोकून बसवतात आणि वर चंद्रूस, म्हणजे राळ, आणि मुशी माशाचे तेल देतात, त्याला आमच्याकडे कलफत म्हणतात. यांनी गाडीला कलफत केली होती. एकही भोक सोडले नव्हते. होडी बांधणाऱ्याचा मुलगा. त्याला भोक दिसले म्हणजे ते बुजवायचेच. त्यामुळे प्रत्येक पावसाळ्याचे पाणी आत गेले आणि आतच राहिले. वरून काळी आणि धड दिसणारी दारे आतून कुजली होती. उस्मानभाईंनी एक ठिगळ पेचकसाने हलकेच दाबले. ठिगळ जिथे मारले होते तो पत्रा पेचकसाच्या टोकाने बिस्किटासारखा फुटला.

"हे पहिल्या दिवशीच कळला व्हता मला," ते म्हणाले. "आवाजावरनं. सांगायला जीभ उचलंना."

मी म्हटले, "वरून झाकून दिले असतेत तर मला कळले नसते."

"तुमाला नसता कळला. गाडी रस्त्यावर मोडली असती तवा कळला असता. आनि दुसरा सांगतो." त्यांनी ठिगळाच्या कडेने बोट फिरवले. "हात चांगला व्हता त्येंचा. हे रिबीट बघा. एक तिरका नाय. हितं रत्नागिरीत असा हात मी दुसरा बघितला नाय. पन व्हडीचा हात. गाडीला व्हडीचा कायदा लागत नाय, वहिनी. व्हडीत पानी येऊ द्यायचा नसता. गाडीत आलेला पानी जाऊ द्यायचा असता."

मग त्यांनी सांगितले की सगळी ठिगळे कापावी लागतील, दारांचा खालचा भाग, पायऱ्या, मागचे दोन्ही मडगार्ड. यांनी केलेल्या कामातले जवळजवळ सगळे. "पन तुमी तोंडानं 'काप' म्हनल्याशिवाय करवत लागनार नाय. नायतर गाडी जशी आली तशी घरी पोचवीन. बघू म्हनत नाय आता. सांगा."

मी वळले. पुस्तक खोक्यावर तसेच ठेवून निघाले. घरी न जाता चालत भाट्याच्या पुलापर्यंत गेले, परत फिरले, पुन्हा गेले. राग कोणाचा करावा ते कळेना. उस्मानभाईंचा करावा तर त्यांनी खरे सांगितले होते. यांचा करावा तर हे नव्हते. काप म्हटले तर यांचे सगळे जाणार. नको म्हटले तर तेच सगळे अंगणात माझ्या डोळ्यांसमोर कुजत जाणार, आणि आता ते कुजते आहे हे मला माहीत असणार. त्यानंतर काही दिवस मी शेडकडे फिरकले नाही. घरात एक काम धड झाले नाही. भांडे घासायला घेई आणि मध्येच ठेवून दारात येई.

तेवढ्यात दीर शिमग्याला गावी आले. त्यांना कोणीतरी सांगितले असावे. मला न सांगता ते नाचणे रस्त्याला गेले आणि उस्मानभाईंना म्हणाले की मी घरचा पुरुष माणूस आहे, निर्णय माझा, ही गाडी भंगारवाल्याला देऊन मोकळे व्हा. हे मला पांडू मेस्त्रींकडून कळले, आणि उत्तरही त्यांच्याकडूनच. उस्मानभाई म्हणाले होते, "मालकीन हाय ना गाडीला. तो खोका बघितलास? थितं बसते ती. आज नाय आली, उद्या येल. ती येईपर्यंत हिला देव उचलायला आला तरी उचलू देनार नाय, तू कोन?" दीर मनाने वाईट नाहीत, घरी येऊन हसत म्हणाले, "वहिनी, तुमच्या त्या खोक्याला मान हाय हो फार." पण हे गेल्यापासून माझ्या वस्तूबद्दल मला विचारा असे म्हणणारा तो पहिला माणूस. उस्मानभाईंनी मला दिलेल्या गोष्टींत मी ही सर्वांत वर ठेवते, गाडीच्याही वर.

दुसऱ्या दिवशी मी गेले. पुस्तक खोक्यावरच होते, कागदात गुंडाळून, धूळ बसू नये म्हणून. मी उस्मानभाईंना म्हटले, "कापा. पण भोके मी उघडते."

त्यांनी तारेचे भेंडोळे ओढले. मग तारेचा एक आकडा करून दिला आणि कसा फिरवायचा ते दाखवले. "आधी चंद्रूस फोडा. मग दोरीचा टोक सापडल. वढायचा नाय, पिळत काडायचा." मी खाली बसले. चंद्रूस दगडासारखा झाला होता. तो फुटला आणि दोरी बाहेर येऊ लागली, पिळत, वीतभर, दोन वीत. मग पाणी आले. तांबडे, गंजाचे, माझ्या हातांवरून, पायांवरून. त्याला मुशीच्या तेलाचा वास होता. यांच्या हातांना, कपड्यांना, उशीला हाच वास असे. मी एकामागून एक सगळी भोके उघडली. शेडमध्ये त्या वेळात कोणी हातोडा उचलला नाही. उस्मानभाई पाठमोरे उभे होते, आणि एवढा वेळ गप्प राहिलेले मी त्यांना तेवढेच एकदा पाहिले.

मग करवत लागली. मला वाटत होते, मला बघवणार नाही. पण मी हलले नाही. एकेक ठिगळ निघून जमिनीवर पडू लागले. मी समजत होते की ते कोपऱ्यातल्या भंगारात जाणार. उस्मानभाईंनी पहिले ठिगळ उचलले, गंज खरवडला, रॉकेलने पुसले आणि कोऱ्या पत्र्यावर ठेवून त्याच्या कडेने खिळ्याने रेघ ओढली.

"हे काय?" मी विचारले.

"माप. हिचा दुसरा कुठला माप मिळनार मला? ही बनवनारी कंपनी कवाच बुडाली. त्येंनी चांगल्या बाजूवरनं कागदावर छाप घेऊन, उलट करून काडलाय हा. गोलाई बघा. लाकडावर ठोकून आनलीय. मी काडत बसलो असतो तर महिना गेला असता." मग पांडू मेस्त्रींकडे वळून, नेहमीच्या आवाजात, "एकबी तुकडा फेकायचा नाय! फेकलास तर तुझा माप काडीन!"

असे सगळे काम झाले. यांनी कापलेले प्रत्येक ठिगळ नव्या पत्र्याचे माप झाले. नवा पत्रा त्याच रेघेवर कापला, त्याच गोलाईला ठोकला, आणि या वेळी पाणी जायला वाटा ठेवून जोडला. रंग पावसाळ्यानंतर दिला, कारण आमच्या दमट हवेत रंगावर पांढरी झाक येते. तोवर गाडी लाल प्रायमरमध्ये उभी होती आणि मी उन्हाळ्यापासून नवरात्रापर्यंत 'कधी, कधी' करत त्यांचा जीव खाल्ला. रंग झाल्यावर त्यांनी गाडीवर पंपाने पाणी सोडले, छतापासून, भरपूर. मला खाली वाकून बघायला सांगितले. दारांच्या कडांतून, पायऱ्यांखालून, सगळीकडून पाणी बारीक धारांनी निघून जात होते. ते थांबेपर्यंत आम्ही दोघेही वाकून बघत होतो.

गाडी आजही चालते. माझा भाचा चालवतो, मी मागे बसते. वाटेत थांबलो की लोक जमतात आणि विचारतात, काम कोणाचे. एकदा मंडणगडला लग्नाला गेलो होतो तेव्हा उस्मानभाई बरोबर होते. त्यांना कोणी तोच प्रश्न केला. ते म्हणाले, "पत्रा माझा, माप हिच्या घरवाल्याचा." त्यांना स्वतःच्या कामाचा केवढा अभिमान आहे हे तुम्ही सगळे जाणता. अर्धे श्रेय देणारा तो स्वभाव नव्हे. त्या दिवशी त्यांनी ते दिले, आणि जे खरे होते तेवढेच दिले, जास्त नाही.

गेल्या काही महिन्यांतली एक गोष्ट सांगून संपवते. उस्मानभाईंचे कान हातोड्यांनी कमी झाले आहेत. घरचे म्हणतात, आता बस करा. डॉक्टरही तेच म्हणतात. मागच्या आठवड्यात दुपारी ते माझ्या खुर्चीजवळ येऊन उभे राहिले. इकडे तिकडे पाहिले, आणि हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, पत्र्याचा बारीक आवाज मला नीट येत नाय आता. हात चुकाया लागला तर मला कळनार नाय. हितली मानसं घाबरून सांगनार नाय. पुटी मारतील माझ्यावर. तुमी सांगाल?"

मी म्हटले, "सांगेन."

"लगीच?"

"लगेच."

"नायतर तो डॉक्टर व्हाल."

"नाही होणार."

ते समाधानाने परत गेले आणि एका दाराचा पोचा काढू लागले. तेव्हापासून मी पुस्तक उघडून बसते खरी, पण पानावर लक्ष नसते. कान त्यांच्या हातोड्याकडे असतो. हे लिहितानाही दोनदा उठून चप्पल घातली, आज शेडवर गेले नाही म्हणून.

उस्मानभाई, साठाव्या वर्षी माणसाला उदंड आयुष्य चिंतायची रीत आहे. मी माझ्यापुरते चिंतते. तुम्हाला दिलेला शब्द मी पाळीन, पण तो पाळायची वेळ फार फार उशिरा यावी. तोवर तुमचा हात आणि आवाज दोन्ही असेच मोठे राहोत, आणि ऐकायला माझेही कान शाबूत राहोत. कालपर्यंत मी प्रत्येक ठोका ऐकला आहे. सांगण्यासारखे काही नाही.